आपल्यामागून झाडाला पाणी कोण घालणार?

(तेलगाव परिसरातल्या महिला गटांनी सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

आम्ही तेलगाव परिसरातल्या बचत गटांच्या बाया बोलतोय. धारूरच्या डोंगराकडच्या, वडवणीकडच्या, माजलगावकडच्या, सिरसाळ्याकडच्या सगळ्या ताईंना, काकूंना आणि आज्यांना आमचा राम राम, आणि मुस्लिम बहिणींना सलाम. कारखान्यावरून नुकत्याच घरी आलेल्या ऊसतोड बहिणींनो, हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडं द्या.

आजचा विषय देण्याचा आहे. पण दारावर आलेल्याला पसाभर धान्य देतो, सप्त्याला वर्गणी देतो, ते देणं आज घ्यायचं नाही. आपण गेल्यावर आपल्या नावानं जे द्यायचं, आणि तेही गावातल्या झाडांसाठी, पाण्यासाठी, पाखरांसाठी, त्याबद्दल बोलायचं आहे. कुणी म्हणेल, दिवेलागणीला मरणाचा विषय कशाला? पण बघा, आपण लेकीच्या लग्नाची तयारी पाच-दहा वर्षं आधी करतो. शेतात आंबा लावतो तो नातवंडांनी खावा म्हणून लावतो. आपल्यामागचा विचार आपण रोजच करतो, फक्त तो कागदावर उतरवत नाही.

लावायला पैसा मिळतो, जगवायला मिळत नाही

आपण बालाघाटच्या रांगेत राहतो. पाऊस बेभरवशाचा, माती उथळ, जागोजागी मुरूम वर आलेला. तरी याच डोंगरानं आपल्याला सीताफळ दिलं. धारूरच्या डोंगरातली कितीतरी सीताफळं कुणी लावलेली नाहीत, आपोआप उगवून वाढलेली आहेत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. आपल्या माळावर हिवर, बाभूळ, बोर, पळस, लिंब अशी झाडं आहेत. त्यांच्या जिवावर शेळ्या, मधमाश्या, मोर, तितर आणि आपण सगळेच जगतो.

आता झाडं लावायची हौस लोकांना आहे, ही चांगली गोष्ट आहे. बीडजवळ पालवणच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईनं झाडं लावली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं वृक्षसंमेलनही भरलं. पावसाळा आला की ठिकठिकाणी खड्डे होतात, रोपं येतात, पाहुणे येतात, फोटो निघतात. रोपासाठी, खड्ड्यासाठी, फलकासाठी पैसा मिळतो.

खरी गरज सुरू होते ती पुढच्या उन्हाळ्यात. आपल्या इकडं रोपाला निदान तीन उन्हाळे सांभाळावं लागतं. पाणी घालायचं, मोकाट जनावरं हाकलायची, वाळलेलं गवत काढून जाळरेषा ठेवायची. कारण एखाद्यानं विडी टाकली की अख्खा माळ पेटतो. यात आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या आसपास गावं रिकामी होतात. जोडपी मुकादमाची उचल घेऊन कारखान्याला जातात ती मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. मागं राहतात म्हाताऱ्या, म्हातारे आणि लेकरं. म्हणजे ज्या महिन्यांत झाडाला माणूस हवा, नेमक्या त्याच महिन्यांत गावात माणूस नसतो.

म्हणून पगारी राखणदार लागतो. आणि त्याचा पगार कुठल्याच योजनेत कायमचा बसत नाही. योजना दोन-तीन वर्षांची असते, ती संपली की फाईल बंद होते. झाडाचं वय मात्र पन्नास-शंभर वर्षांचं. या दोन्हींच्या मधलं अंतर भरून काढायला जो पैसा लागतो, तो असा हवा की जो दरवर्षी थोडा थोडा येत राहील. असा पैसा बहुतेक ठिकाणी कुणीतरी मागं ठेवलेला असतो.

बियाणं खायचं नाही

पूर्वी घरात बियाण्याची कणगी वेगळी असायची. दुष्काळ पडला, पोटाला चिमटा बसला, तरी त्या कणगीला हात लावायचा नाही, हा नियम होता. बियाणं खाल्लं की पुढचं वर्ष गेलं. संस्थेच्या कायम निधीचा नियमही हाच. मुद्दल बँकेत ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही, खर्च फक्त व्याजातून करायचा.

आपण गटात हिशोब करतो तसा करून बघू. समजा, राखणदाराला महिना १०,००० रुपये द्यायचे आणि फेब्रुवारी ते मे असे चार महिने तो ठेवायचा. वर्षाला ४०,००० रुपये झाले. आता समजा, १० लाख रुपये ठेवले आणि वर्षाला ६ टक्के व्याज मिळालं. व्याज आलं ६०,०००. त्यातले ४०,००० राखणदाराला दिले आणि २०,००० परत मुद्दलात टाकले. हे परत टाकणं विसरायचं नाही, कारण महागाई वाढते. आज दहा हजारात येणारा माणूस दहा वर्षांनी दहा हजारात येणार नाही.

दहा लाख ऐकून घाबरू नका. ते एका बाईचे नसतात. शंभर जणींनी आपापल्या मागं दहा-दहा हजार ठेवले तर तेवढे होतात. हे एका वर्षात होणार नाही. वीस-पंचवीस वर्षं लागतील. पहिल्या दहा हजारांचं व्याज वर्षाला सहाशे रुपये येईल, त्यात राखणदार येत नाही, पण झाडांभोवतीच्या काटेरी कुंपणाची डागडुजी तरी होते. गटाची पहिली बचतही आपण दहा-वीस रुपयांनीच सुरू केली होती.

ही रीत आपल्याला नवी नाही

अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली चोंडीला झाला. चोंडी जामखेड तालुक्यात, आपल्या बीड जिल्ह्याला लागून. देशभर घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा त्यांनी बांधल्या. परळीच्या वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांनीच केला असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात एक बारीक गोष्ट आहे. होळकरांच्या दौलतीत सरकारी उत्पन्न वेगळं आणि घरच्या बायकांचं खासगी उत्पन्न वेगळं असायचं. अहिल्याबाईंनी दानधर्म केला तो या खासगीतून, म्हणजे बाईच्या हक्काच्या पैशातून. आणि नुसतं बांधून त्या थांबल्या नाहीत. देखभालीला उत्पन्न लावून दिलं.

१७९५ साली त्या गेल्या. त्यांच्या खासगी धर्मादाय मालमत्तेसाठी १९६२ साली इंदूरला ट्रस्ट झाला. पुढं त्यातल्या काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद झाला, कोर्टकचेरी झाली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा सार्वजनिक ट्रस्ट आहे, त्याची तशी नोंदणी करा. आपण यातून दोन्ही गोष्टी घ्यायच्या. मागं ठेवलेलं देणं दोन-अडीचशे वर्षं पुरतं. आणि अहिल्याबाईंसारख्या बाईनं ठेवलेलं असलं तरी त्याच्यावर लोकांची नजर आणि कायद्याची नोंद लागतेच.

दुसरं उदाहरण परदेशातलं आहे, पण मेंढरांचं आहे म्हणून आपल्याला जवळचं वाटेल. इंग्लंडमध्ये बीट्रिक्स पॉटर नावाच्या बाई होऊन गेल्या. लहान मुलांसाठी सशाच्या गोष्टी लिहायच्या, चित्रंही स्वतः काढायच्या. पहिलं गाजलेलं पुस्तक १९०२ सालचं. पुस्तकांच्या पैशातून आणि वडिलोपार्जित पैशातून त्या डोंगराळ भागात एकेक शेत विकत घेत गेल्या, म्हणजे तिथं बंगले उठू नयेत. स्वतः मेंढ्या पाळल्या. १९४३ साली त्या वारल्या तेव्हा सुमारे चार हजार एकर जमीन त्यांनी मृत्युपत्रानं नॅशनल ट्रस्ट या संस्थेला ठेवली. नुसती जमीन दिली नाही, तर त्या डोंगरातली हर्डविक जातीची मेंढरं तिथं पुढंही राहिली पाहिजेत, असंही लिहून ठेवलं. आपल्याकडं कुणी डोंगर राखायला दिला आणि सोबत लिहिलं की इथली उस्मानाबादी शेळी आणि गावरान ज्वारी टिकली पाहिजे, तर ते असंच होईल. देताना आपली इच्छा स्पष्ट लिहिता येते, हे लक्षात ठेवायचं.

तिसरं नाव पक्ष्यांच्या सलीम अलींचं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, म्हणजे १८८३ सालापासून चाललेल्या संस्थेत, त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांना निसर्गरक्षणाचा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या रकमेचा निसर्गरक्षणासाठी कायम निधी केला. सलीम अली १९८७ साली गेले, त्यांच्या नावाचा निधी मागं राहिला.

आधी आपल्या नावावर काय आहे ते बघा

द्यायचं म्हणजे आधी आपलं असलं पाहिजे. आपल्यातल्या कितीतरी जणी म्हणतात, माझ्या नावावर काय आहे? सगळं ह्यांच्या नावावर. हे बदलायला बायांनी खूप कष्ट घेतलेत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, त्यात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला आणि २००५ साली तो देशभराच्या हिंदू वारसा कायद्यात आला.

बाईचं स्वतःचं काय असतं? तिच्या मजुरीची, शेळ्या-कोंबड्यांची, दुधाची बचत. गटातला तिचा हिस्सा. माहेरहून आणि सासरहून तिला मिळालेले दागिने. तिच्या नावावरची जमीन किंवा घर. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं ही मालमत्ता पूर्ण तिच्या मालकीची आहे. ती कुणाला द्यायची हे ती स्वतः ठरवू शकते.

आणि ठरवलं नाही तर? तर कायदा ठरवतो. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी लेकरांना आणि नवऱ्याला जाते. लेकरं-नवरा कुणीच नसेल तर तिनं स्वतः कमावलेलं नवऱ्याच्या वारसांकडं जातं, आणि आईबापाकडून आलेलं बापाच्या वारसांकडं जातं. एकट्या राहणाऱ्या बहिणींनी हे नीट ऐकावं. जिनं आजारपणात पाणी दिलं त्या पुतणीला किंवा शेजारणीला काही द्यायचं असेल, तर ते लिहूनच ठेवावं लागतं.

मुस्लिम बहिणींसाठी नियम वेगळा आहे. वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच मालमत्ता वसियतनं देता येते.

आणखी एक गैरसमज. बँकेत ज्याचं नाव वारसनोंद म्हणून, म्हणजे नॉमिनी म्हणून लावलेलं असतं, तो मालक होतो असं आपल्याला वाटतं. साधारणपणे नॉमिनी हा पैसा ताब्यात घेणारा असतो, त्यावर हक्क खऱ्या वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याचा असतो. म्हणून नॉमिनी लावलाय तरी मृत्युपत्र लागतं.

कागद कसा करायचा

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प पेपर लागत नाही. आपल्या मराठीत लिहिलेलं चालतं. बाई अठरा वर्षांच्या वर आणि शुद्धीत असली पाहिजे. तिनं दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करायचा आणि दोघांनी तिच्यासमोर सह्या करायच्या. तारीख घालायची. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये, म्हणजे पुढं कुणी बोट दाखवत नाही. वाचता येत नसेल तर सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि तसं वाचून दाखवलं हेही कागदावर लिहायचं. वय जास्त असेल तर डॉक्टरचा दाखला जोडलेला बरा.

नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात केली तर कागद भक्कम होतो. आणि मृत्युपत्र कधीही बदलता येतं. आज लिहिलं म्हणून उद्या पैसा गेला असं होत नाही. जिवंत असेपर्यंत सगळं आपलंच असतं, औषधपाण्याला लागलं तर खर्च करता येतं. शेवटचं जे मृत्युपत्र असेल तेच खरं धरतात.

झाडांसाठी ठेवायचं असेल तर ते कसं लिहायचं? ठरावीक रक्कम लिहिता येते, जसं बँकेतल्या माझ्या ठेवीतले १०,००० रुपये. किंवा वाटा लिहिता येतो, जसं माझ्या रोख बचतीच्या दहा वाट्यांपैकी एक वाटा. आम्हाला वाट्याचं लिहिणं जास्त बरं वाटतं. आजारपणात बचत कमी झाली तर देणंही तेवढंच कमी होतं, आणि लेकरांच्या नऊ वाट्यांना धक्का लागत नाही.

शेतजमीन मात्र घाईनं कुठल्याही संस्थेला लिहून देऊ नका. शेतकरी नसलेल्या माणसाला किंवा संस्थेला शेतजमीन देण्यावर कायद्याची बंधनं आहेत. इनामी जमीन, वर्ग दोनची जमीन यांचे नियम आणखी वेगळे. आधी सातबारा घेऊन वकिलाला विचारायचं. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यानं प्रत्येक बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, मग तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० या क्रमांकावर फोन करा, नाहीतर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडं जा.

कुणाच्या नावानं द्यायचं

देणगी अध्यक्षाच्या नावानं, सरपंचाच्या नावानं किंवा एखाद्या ताईच्या नावानं लिहायची नाही, ती ताई कितीही चांगली असो. माणूस बदलतो, गाव सोडतो, मरतो. साध्या बचत गटाच्या नावानंही नको, कारण गट मोडू शकतो आणि बहुतेक गटांची ट्रस्ट म्हणून नोंदणी नसते. नोंदणी असलेल्या संस्थेच्या पूर्ण नावानं, नोंदणी क्रमांकासकट लिहायचं.

आपल्या राज्यात अशा संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेल्या असतात. त्यांना दरवर्षी हिशोब तपासून घ्यावे लागतात. संस्थेच्या नावावरची जमीन-घर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणून संस्थेला तीन गोष्टी विचारायच्या. तुमचा नोंदणी क्रमांक काय? गेल्या तीन वर्षांचे तपासलेले हिशोब दाखवता का? कायम निधीचं खातं वेगळं आहे का? संस्था चांगली असेल तर हे प्रश्न ऐकून तिला आनंदच होईल. जी संस्था चिडते तिथं द्यायचं नाही.

मृत्युपत्रात दोन वाक्यं जरूर घालायची. एक, ही रक्कम कायम निधीसाठी आहे, खर्च फक्त व्याजातून अमुक गावच्या झाडांच्या आणि पाणवठ्यांच्या राखणीसाठी करायचा. दोन, ती संस्था तेव्हा चालू नसेल तर तशाच कामाच्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला रक्कम द्यायची. जिवंतपणी देणगी देतानाही पावतीवर 'कायम निधीसाठी' असं लिहून घ्यायचं.

मागायचं कसं

आता सगळ्यात अवघड भाग. हे काम गावात पुढं न्यायचं म्हणजे कुणीतरी मागायला जावं लागतं. आणि म्हाताऱ्या बाईकडं जाऊन, तुमच्यामागून काही ठेवा, असं म्हणायला जीभ वळत नाही.

मागण्याची लाज वाटते तेव्हा आम्ही पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट सांगतो. लहान वयात विधवा झालेली कोकणातली बाई. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली, ती पुढं पुण्याजवळ हिंगण्याला गेली. तिच्यासाठी पार्वतीबाई गावोगाव फिरून वर्गणी मागायच्या. पुढं इंग्रजी यावं म्हणून त्या काळात अमेरिकेला गेल्या, तिथं लोकांच्या घरी घरकाम केलं आणि संस्थेसाठी मदतही मिळवली. स्वतःसाठी मागायचं नव्हतं, म्हणून त्यांना ते जमलं. ती संस्था आजही चालू आहे.

आम्ही आमच्यासाठी काही नियम ठरवलेत. तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिला नियम, दुखात मागायचं नाही. घरात कुणी गेलं असेल, कुणी दवाखान्यात असेल, तर त्या घरी फक्त मदतीला जायचं. दहाव्याला, तेराव्याला हा विषय काढायचा नाही.

दुसरा नियम, उचल फिटलेली नाही, सावकाराचं देणं आहे, लेकीचं लग्न अंगावर आहे, अशा घरी मागायचं नाही. आधी कर्ज, मग लेकरं, मग झाडं. हा क्रम कधी मोडायचा नाही. ज्या बाईकडं द्यायला काही नाही तिनं झाडाला घातलेली कळशी आमच्या वहीत देणगीच्या वरच लिहिली जाते.

तिसरा नियम, एकटीनं जायचं नाही आणि चोरून बोलायचं नाही. दोघी-तिघींनी जायचं आणि शक्यतो लेक-सून समोर असताना बोलायचं. लपवून ठेवलेलं मृत्युपत्र पुढं भांडण लावतं, आणि मग झाडाच्या नावानं घर फुटतं. एका घरी सुनेनं आम्हाला तोंडावर विचारलं होतं, तुम्ही आमच्या म्हातारीला फशी पाडायला आलात का? तिचं विचारणं बरोबर होतं. आम्ही तिलाच वही दाखवली, खातं दाखवलं, आणि सांगितलं की मावशींनी काही लिहायचं तर तुमच्या घरच्यांनी वाचल्यावरच लिहायचं. मावशींनी त्या दिवशी काही लिहिलं नाही, आम्हीही परत विचारलं नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात तीच सून पाण्याच्या पाळीला आली.

चौथा नियम, आपण कागद लिहायचा नाही. आम्ही माहिती सांगतो. मृत्युपत्र वकिलाकडं किंवा तिच्या विश्वासाच्या माणसाकडं होतं, आमचं कुणी साक्षीदार राहत नाही.

पाचवा नियम, एकदाच विचारायचं. तुमच्या मनात असलं तर सांगा, एवढं म्हणून उठायचं. एक आजी आम्हाला म्हणाल्या, "बायांनो, माझ्या मरणावर डोळा ठेवून बसलात का?" आम्ही म्हणालो, "आजी, तुम्ही शंभर वर्षं जगा. तुमचा पैसा तुम्हीच खा. उरला तर त्यातला चिमूटभर झाडाला ठेवा." आजी हसल्या. पुढं त्यांनी काय केलं ते त्या आणि त्यांच्या घरचे जाणतात. कुणी काय लिहिलंय ते आम्ही चावडीवर सांगत नाही.

सहावा नियम हिशोबाचा. दरवर्षी १ मेच्या ग्रामसभेत कायम निधीचं पासबुक वाचून दाखवायचं. मुद्दल किती, व्याज किती आलं, राखणदाराला किती दिलं, किती झाडं मेली. मेलेल्या झाडांचा आकडाही सांगायचा. लोकांचा विश्वास त्यावरच बसतो.

या आठवड्याचं काम

मैत्रिणींनो, आज ऐकून उद्या लगेच मृत्युपत्र करा असं आमचं म्हणणं नाही. या आठवड्यात एवढंच करा. घरात बसून एका कागदावर लिहा, किंवा नातीकडून लिहून घ्या, की माझ्या स्वतःच्या नावावर काय काय आहे. पासबुक, पोस्टाचं खातं, विमा, दागिने, शेळ्या, सातबारावरचं नाव. तो कागद नवऱ्याला, लेकाला, लेकीला दाखवा. कितीतरी घरांत बाईच्या नावावर काय आहे हे बाई गेल्यावर कळतं, आणि पोस्टातले पैसे तसेच पडून राहतात. झाडाला काही द्या अगर देऊ नका, हा कागद तुमच्या लेकरांना उपयोगी पडेल.

मग गटाच्या पुढच्या बैठकीत एक प्रश्न मांडा. आपल्या गावच्या माळावर, ओढ्याकाठी, बारवेजवळ जे आहे, त्यातलं काय आपल्यामागून टिकावं असं वाटतं? कुणी चिंचेचं नाव घेईल, कुणी पाणवठ्याचं, कुणी मोरांचं. नाव ठरलं की त्याच्या राखणीला वर्षाला किती लागतं ते काढा. आकडा समोर आला की पुढची वाट दिसते.

बीड शहराजवळची खजिना विहीर निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधली. ज्यांनी ती बांधली, ज्यांनी दगड वाहिले, त्यातल्या बहुतेकांची नावंही आपल्याला माहीत नाहीत, पण त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेतं भिजली. आपल्याला एवढी मोठी विहीर बांधायची नाही. आपल्या माळावरच्या झाडांना चार महिने राखणदार मिळाला तरी पुष्कळ झालं.

तुमच्या गटात याबद्दल काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा. मृत्युपत्राबद्दल प्रश्न असतील तर तेही पाठवा, पुढच्या वेळी वकील ताईंना सोबत घेऊन उत्तरं देऊ. आजच्यापुरतं एवढंच.